खाल्लेले अंगी कसे लागते? प्राणिमात्रांतील प्रथिनपचनाचा विचार

‘खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही’ असे घरातील वडीलधारी माणसे एखाद्या कृश मुलाविषयी सहज म्हणून जातात. अन्नाचे सेवन आणि शरीराचे पोषण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा सिद्धान्तच त्या साध्या वाक्यात सामावलेला आहे. चिकित्साव्यवसायात हा भेद आपण सर्वच जाणतो. तथापि प्रथिनांच्या बाबतीत अलीकडे त्याचा विसर पडत चालला आहे, असे आम्हांस दिसते. व्यायामशाळेत जाणारा तरुण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, थकलेली वृद्ध स्त्री, वजन न वाढणारे बालक या सर्वांच्या हाती एकच डबा दिसतो. त्यावर एका मापात इतके ग्रॅम प्रथिने असा आकडा ठळकपणे छापलेला असतो आणि तेवढे ग्रॅम थेट मांसधातूत जमा होणार, असा समज घेणाऱ्याचा असतो. क्वचित देणाऱ्याचाही असतो.

हा डबा आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयांतूनच विकला जातो. म्हणून मुखात गेलेले प्रथिन शरीराचे होईपर्यंत कोणत्या टप्प्यांतून जाते, निरनिराळे प्राणी हे कार्य कसे साधतात आणि त्यातून आपल्या चिकित्सेस काय बोध मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घारीचा प्रयोग आणि जठरातील पचन

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानांत पचनाविषयी दोन पक्ष होते. जठर अन्नाला जात्याप्रमाणे दळते असे एक पक्ष म्हणे, तर अन्न आत कुजून विरघळते असे दुसरा. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर याने १७५२ साली एका पाळीव घारीवर प्रयोग करून याचा निर्णय केला. घार न पचणारे पदार्थ ओकून टाकते. या स्वभावाचा उपयोग करून त्याने धातूच्या लहान नळीत मांस भरले, नळीची तोंडे जाळीने बंद केली आणि ती घारीस गिळावयास लावली. जठराच्या दाबाचा मांसावर परिणाम होणे शक्य नव्हते, तरीही नळी बाहेर आली तेव्हा मांस अंशतः विरघळलेले होते आणि त्यास कुजल्याचा वास नव्हता. दळणे नव्हे आणि कुजणेही नव्हे, तर जठरातील रसाने घडणारे पचन ही तिसरीच क्रिया असल्याचे यावरून सिद्ध झाले. पुढे १८३६ साली थिओडोर श्वान याने या रसातील कार्यकारी द्रव्यास ‘पेप्सिन’ हे नाव दिले.

लाळेत प्रथिने पचविणारे द्रव्य नसते. प्रथिनांच्या पचनास आरंभ होतो तो जठरात. तेथील हायड्रोक्लोरिक आम्ल प्रथिनाच्या रेणूची घट्ट घडी उलगडते आणि मग पेप्सिन त्या लांब साखळीचे लहानमोठे तुकडे करते. पेप्सिन तीव्र आम्लातच काम करते. सामू दोनच्या आसपास असता त्याचे कार्य उत्तम चालते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ज्या रुग्णांचे जठर शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढून टाकलेले असते, तेही प्रथिने पचवू शकतात. म्हणजे जठरातील पचन उपयुक्त असले तरी ते केवळ पूर्वकर्म होय. प्रधान कर्म पुढे व्हावयाचे असते.

ग्रहणीच्या स्थानी घडणारे कार्य

जठरातून बाहेर पडलेले आम्ल अन्न लघ्वंत्राच्या पहिल्या भागात येताच त्या भागाच्या भित्तीतून सिक्रेटीन हे द्रव्य रक्तात सोडले जाते आणि त्याच्या संदेशावरून स्वादुपिंड क्षारयुक्त स्राव पाठविते. बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०२ साली कुत्र्यावरील प्रयोगात हे दाखवून दिले. प्रथिनांचे तुकडे व स्नेह यांच्या स्पर्शाने दुसरे एक संप्रेरक स्रवते आणि ते स्वादुपिंडातून पाचक विकरे बाहेर आणते.

ही विकरे ज्या रूपात बाहेर येतात ते वैद्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. स्वादुपिंड स्वतः प्रथिनांचेच बनलेले असते. तेथे ट्रिप्सिन तयार स्वरूपात साठविले असते, तर त्याने आपले आश्रयस्थानच पचवून टाकले असते. म्हणून ते सुप्त रूपात स्रवते. लघ्वंत्राच्या भित्तीवर असलेले एंटरोकायनेज हे विकर त्यास जागे करते आणि जागे झालेले ट्रिप्सिन इतर सुप्त विकरांना कार्यप्रवृत्त करते. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत १८९९ साली या एंटरोकायनेजचा शोध लागला. ही व्यवस्था बिघडून ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागे झाले, तर तीव्र स्वादुपिंडशोथासारखी प्राणघातक अवस्था उत्पन्न होते.

आपल्या ग्रंथांनी आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये पाचक पित्ताचे स्थान सांगितले आणि ग्रहणीस अग्नीचे अधिष्ठान म्हटले. प्रथिनपचनाचे मुख्य कार्य याच प्रदेशात घडते, हे साम्य चिंतनीय आहे. परंतु ‘पेप्सिन म्हणजेच पाचक पित्त’ किंवा ‘ट्रिप्सिन म्हणजेच अग्नी’ अशी समीकरणे मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. अग्नीची संकल्पना पुष्कळ व्यापक आहे. क्षुधा, रुची, उद्गार, मलप्रवृत्ती, बल, उत्साह यांवरून आपण तिची परीक्षा करतो. विकरे नळीत मोजता येतात, अग्नी रुग्णात पाहावा लागतो. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी ठेवल्यास दोहोंचा लाभ होतो.

शोषण : तुकडे आत जातात, अन्न नव्हे

प्रथिने पूर्णपणे सुट्या अमिनो आम्लांत विघटित झाल्यावरच शोषली जातात, असे आपल्या पिढीतील अनेकांनी पाठ केले आहे. प्रत्यक्षात लघ्वंत्राच्या पेशी दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे जोडलेले तुकडेही आत घेतात आणि प्रथिनांचा मोठा वाटा याच रूपाने शोषला जातो. त्यांना आत नेणाऱ्या वाहकाची जनुकीय ओळख १९९४ साली पटली. त्याचे नाव पेप्ट-१. सुट्या अमिनो आम्लांसाठी निराळे वाहक असतात.

या दोन मार्गांच्या वेगळेपणाचा पुरावा एका व्याधीनेच दिला आहे. १९५६ साली वर्णिलेल्या हार्टनप या आनुवंशिक विकारात ट्रिप्टोफॅनादी काही अमिनो आम्लांचा वाहक निकामी असतो. ती आम्ले सुटी दिली असता नीट शोषली जात नाहीत, परंतु जोडलेल्या तुकड्यांच्या रूपात दिली असता शोषली जातात. म्हणूनच अशा अनेक रुग्णांचे पोषण बऱ्यापैकी चालते. सुटी अमिनो आम्ले ही ‘आधीच पचलेली’ म्हणून सर्वांसाठी श्रेष्ठ, असा प्रचार जेथे होतो तेथे हे ध्यानी असावे.

आत्र-पेशींत शिरलेले तुकडे तेथेच सुटे होतात. काही अमिनो आम्ले त्या पेशी स्वतःसाठीच वापरतात, कारण आतड्याचे आतील अस्तर काही दिवसांतच नवे होत असते. उरलेली अमिनो आम्ले प्रतिहारिणी सिरेने यकृतात जातात. यकृत त्यांतील काहींपासून रक्तातील प्रथिने बनविते, काही पुढे पाठविते आणि जी जास्त असतील त्यांतील नत्र वेगळा काढून त्याचे यूरियात रूपांतर करते. स्नेह मेदात साठतो, शर्करा काही अंशी यकृतात व स्नायूंत साठते. अमिनो आम्लांसाठी मात्र शरीरात असे कोठार नाही. गरजेपेक्षा अधिक आलेले अमिनो आम्ल इंधन म्हणून जळते किंवा मेदाच्या वाटेने जाते आणि त्याचा नत्र वृक्कांना बाहेर टाकावा लागतो.

आणखी एक आकडा बोलका आहे. सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढाच्या शरीरात रोज अंदाजे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली व पुन्हा बांधली जातात. आहारातून येणारी प्रथिने त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असतात. शरीर जुन्यातूनच बरेचसे नवे घडवीत असते. आहार भर घालतो ती झिजेची.

प्राण्यांच्या नानाविध रीती

कार्य एकच असूनही सृष्टीतील प्राण्यांनी ते किती भिन्न मार्गांनी साधले आहे, हे पाहिले असता ‘जसा अग्नी तसा आहार’ या तत्त्वाचा व्यापकपणा कळतो.

गाय गवत खाते. गवतात प्रथिने थोडी. पण तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, ज्यास पशुपालक कोटीपोट म्हणतात, असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. ते वैरणीतील प्रथिने मोडून अमोनिया करतात आणि त्यापासून स्वतःच्या देहाची प्रथिने बांधतात. हे जीव पुढे चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, उतरतात तेव्हा गाय त्यांनाच पचविते. इतकेच नव्हे, तर गाय आपल्या शरीरातील यूरिया लाळेतून व कोटीपोटाच्या भित्तीतून परत त्या जीवांकडे पाठविते. फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ व्हिर्टानेन यांनी १९६० च्या दशकात गाईंना प्रथिनरहित आहारात नत्रासाठी केवळ यूरिया व अमोनियाचे क्षार देऊनही दूध मिळविले होते. तोच यूरिया मनुष्यास दिला तर तो निव्वळ मल होय.

आपल्या गड-किल्ल्यांवर व मंदिरांच्या परिसरात दिसणारे काळ्या तोंडाचे वानर पाने खाऊन राहते. त्याचेही जठर कप्प्यांचे असून त्यात सूक्ष्म जीव पानांवर काम करतात. हे जीव फोडण्यासाठी जठरात लायसोझाइम हे विकर स्रवते. गाय व वानर यांचे कूळ एकमेकांपासून अत्यंत दूरचे असूनही दोघांच्या जठरातील या विकराच्या रचनेत समान बदल झाल्याचे १९८७ साली दाखविले गेले. समान आहाराने दोन भिन्न प्राण्यांत समान पाचन घडविले, असे हे उदाहरण आहे.

कोंबडीस दात नसतात. तिच्या ग्रंथियुक्त जठरात आधी आम्ल व पेप्सिन मिसळते आणि नंतर पेषणीत, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साह्याने, दाणे भरडले जातात. मनुष्यात जे चर्वण मुखात प्रथम घडते, ते तेथे रस मिसळल्यानंतर घडते. सशाच्या पोटातील सूक्ष्म जीवांचा वास आतड्याच्या शेवटच्या भागाजवळ असतो. तेथे तयार झालेली प्रथिने शोषली जाण्यास पुढे जागा उरत नाही. म्हणून तो विशिष्ट प्रकारच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो व दुसऱ्या फेरीत त्या पचवितो. आपल्याला हे किळसवाणे वाटले तरी सशाच्या दृष्टीने ते पोषण होय.

मांजर हे पक्के मांसाहारी. प्रथिने कमी मिळाली तरी अमिनो आम्ले जाळण्याचा तिच्या यकृताचा वेग फारसा मंदावत नाही. आर्जिनीन हे एकच अमिनो आम्ल वगळलेला एक आहार दिल्यावर काही तासांत मांजरांच्या रक्तात अमोनिया वाढून ती गंभीर आजारी पडल्याचे १९७८ साली नोंदविले गेले. एकूण ग्रॅम पुरेसे होते. उणीव एका घटकाची होती.

अजगराचे उदाहरण तर वैद्यांस फारच रुचेल. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या ब्रह्मी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसते आणि आतडे आक्रसलेले असते. भक्ष्य गिळताच जठराचा सामू सुमारे साडेसातवरून एक-दोन दिवसांत दीडपर्यंत उतरतो, आतड्याचे वजन जवळपास दुप्पट होते आणि शरीराचा दहनवेग अनेक पटींनी चढतो. पचन संपताच सर्व पुन्हा निवते. मनुष्याचा अग्नी असा विझवून पुन्हा चेतविण्यासारखा नाही. दीर्घ लंघनानंतर तो सावकाशच वाढवावा लागतो.

आता वासराकडे पाहू. जन्मतः त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक प्रथिने जवळजवळ नसतात, कारण गाईच्या वारेतून ती पार होत नाहीत. ती चिकातून मिळतात. पहिल्या सुमारे २४ तासांत वासराचे आतडे ही मोठी प्रथिने न मोडता तशीच आत घेते आणि चिकातील ट्रिप्सिनरोधक द्रव्य त्यांचे पचन होऊ देत नाही. नंतर हे दार बंद होते. मनुष्याच्या अर्भकास अशी प्रथिने मुख्यतः गर्भावस्थेतच वारेतून मिळतात. चिकाच्या कॅप्सूल व भुकट्या विकणाऱ्यांनी हा भेद जाणून घ्यावा. जे कार्य पहिल्या दिवशीच्या वासरात घडते, ते प्रौढ मनुष्याच्या पाचक आतड्यात तसेच घडेल अशी ग्वाही ग्राहकास देता येत नाही.

सामान्य सिद्धान्त आणि जिलेटिनचा धडा

समानाने समानाची वृद्धी होते व मांसाने मांस विशेष वाढते, हा सिद्धान्त चरकाचार्यांनी सांगितला. त्याचा अर्थ मात्र सरळसोट घेतला जातो. खाल्लेले मांस जसेच्या तसे स्नायूवर जाऊन बसत नाही. जठराग्नीने त्याचा आहाररस व्हावा लागतो आणि पुढे रस, रक्त या क्रमाने व त्या त्या धात्वग्नीने मांसधातूचे पोषण व्हावे लागते, हेही त्याच शास्त्राने सांगितले आहे. आधुनिक शास्त्र प्रथिनांची मोडतोड व पुनर्बांधणी सांगते तेव्हा तेही त्या सरळसोट अर्थाच्या विरुद्धच साक्ष देते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेले जिलेटिन गरिबांना व रुग्णालयांतील रुग्णांना मांसाऐवजी दिले जात होते. त्याच्या पोषणमूल्याविषयी वाद उद्भवल्याने मॅजेंडी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. केवळ जिलेटिनवर कुत्र्यांचे पोषण होत नाही आणि ते मांसाची जागा घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष तिने १८४१ साली दिला. त्याचे एक कारण पुढे कळले : जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. आज कोलॅजन या नावाने तेच द्रव्य, अधिक बारीक करून, संधी व त्वचेसाठी आपल्या काउंटरवर आले आहे. त्याच्या डब्यावरील प्रथिनांचे ग्रॅम आणि मुगाच्या वरणातील ग्रॅम यांची तुलना होऊ शकत नाही.

आकड्यात आणखीही एक मेख आहे. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत १८८३ साली केल्डाल यांनी दिली. तीत नत्र मोजून त्यास बहुधा ६.२५ ने गुणतात. नत्र प्रथिनातलाच आहे की अन्य कशातला, हे ती पद्धत ओळखत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलॅमाइन मिसळून हाच आकडा फुगविला गेला, सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि काही दगावली. त्यामुळे डबा कोणाचा, कोठून आला, त्याचे बिल व परीक्षण-अहवाल आहे की नाही, हे पाहणे औषधालयचालकाचे कर्तव्य ठरते.

संसर्जन क्रम आणि कुपोषित बालक

शोधनानंतर अग्नी मंद झालेला असतो. तेव्हा आचार्यांनी पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष, अकृत मांसरस, कृत मांसरस असा क्रम सांगितला. या क्रमाकडे प्रथिनांच्या दृष्टीने पाहावे. आरंभ तांदळाच्या पातळ पेयेने, म्हणजे अत्यल्प प्रथिनांनी होतो. नंतर मुगासारख्या लघु शिंबीधान्याचे यूष येते आणि मांसरस सर्वांत शेवटी येतो. बलासाठी मांसरस श्रेष्ठ मानूनही तो आधी दिलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषित बालकांसाठी जो आहारक्रम ठरविला आहे, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. प्रथिनांच्या अभावाने सुजलेले बालक समोर असताना प्रथमतः त्यास भरपूर प्रथिने द्यावीत असेच कोणासही वाटेल. परंतु पहिल्या टप्प्यात दिल्या जाणाऱ्या एफ-७५ या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये केवळ ०.९ ग्रॅम प्रथिने असतात. क्षुधा परतली, सूज उतरू लागली की मग २.९ ग्रॅम प्रथिने असलेले एफ-१०० देतात. आरंभीच प्रथिनांचा व क्षारांचा भार टाकल्यास यकृत, वृक्क व हृदय तो सोसू शकत नाहीत आणि बालक दगावू शकते. आपल्याकडील पोषण पुनर्वसन केंद्रांतही आरंभीचा आहार व नंतरचा आहार असेच दोन टप्पे असतात.

दोन्ही शास्त्रांची भाषा वेगळी असली तरी क्षीण देहास काय हवे यापेक्षा तो आज काय पचवू शकेल, हा प्रश्न दोन्हींनी आधी विचारला आहे. या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

स्वयंपाकघरातील संस्कार

कच्च्या डाळी-कडधान्यांत ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये असतात. सोयाबीनमध्ये ती विशेष. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, शिजविल्यावर होते, हे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी १९१७ साली दाखविले. भिजविणे, मोड आणणे व नीट शिजविणे या संस्कारांनी हा अडसर बराच दूर होतो. आरोग्यासाठी म्हणून कच्ची कडधान्ये वाटीभर खाऊन आध्मानाची तक्रार घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. चरकसंहितेत शमीधान्यांत मूग श्रेष्ठ व उडीद अहिततम मानला आहे. ग्रॅमच्या हिशेबात मूग व उडीद जवळजवळ सारखेच. पचनाच्या हिशेबात नव्हेत.

दूध व अंडी यांतील प्रथिने ९५ टक्क्यांच्या आसपास पचतात. शिजविलेली कडधान्ये व भरड धान्ये यांची सुमारे ७५ ते ८५ टक्के. धान्यात लायसिन कमी, तर डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी. वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

न पचलेली प्रथिने बृहदांत्रात गेली की तेथील जीव त्यांपासून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, इंडोल यांसारखी द्रव्ये निर्माण करतात. दुर्गंधी अधोवायू व दुर्गंधी मल यांची तक्रार, प्रथिनांची भुकटी सुरू केल्यावर, का वाढते याचे एक कारण येथे आहे. यास आम म्हणावे किंवा नाही हा वाद बाजूस ठेवला तरी मात्रा अग्नीपुढे गेली, एवढे त्यावरून निश्चित कळते.

आपल्या व्यवसायासाठी

प्रथिनांची उणीव हा खोटा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. महागाईमुळे अनेक घरांतील वरण पातळ झाले आहे. दात गेलेले वृद्ध चहा-पोळीवर दिवस काढतात आणि त्यांच्या मांड्यांचे मांस झिजत जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पुरतात. ५५ किलोच्या व्यक्तीस हे सुमारे ४६ ग्रॅम होतात. दिवसभरात २५० ग्रॅम धान्यातून साधारण २५, ६० ग्रॅम डाळीतून १४ आणि २०० मिलिलिटर दुधातून ६ ते ७ ग्रॅम मिळतात. धान्य-डाळींतील प्रथिनांच्या कमी पचनाची भरपाई म्हणून मूठभर शेंगदाणे किंवा एखादे अंडे जोडले की हिशेब सहज जुळतो. वाढत्या वयाची मुले, गर्भिणी, स्तन्यदा, व्रणी व वृद्ध यांची गरज याहून अधिक असते. त्याच परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे, असे सांगितले आहे.

यास्तव प्रथिनांचा डबा लिहून देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्या जाव्यात, अशी आमची सूचना आहे. रुग्णास वेळेवर व खरी भूक लागते काय? आधीचे अन्न पचल्याची लक्षणे दिसतात काय? मलप्रवृत्ती बांधलेली की पिच्छिल व दुर्गंधी? घरच्या ताटात डाळ, दूध, अंडी यांपैकी रोज काय असते? शरीरास व्यायाम आहे काय? स्नायूला श्रमाची हाक नसेल तर रक्तात आलेली अमिनो आम्ले मांसाकडे फारशी वळत नाहीत. वृद्धांत तर हे विशेषच खरे आहे.

शेवटचा प्रश्न वृक्कांचा. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा वृक्कविकार असलेल्या व्यक्तीस क्रिएटिनीन व मूत्रातील प्रथिने तपासल्याविना ही भुकटी देऊ नये. वृक्कविकाराच्या आरंभी रुग्णास काहीच जाणवत नाही, म्हणून त्याच्या ‘मला काही त्रास नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही. याउलट डायलिसिसवर असलेल्या रुग्णास अधिक प्रथिनांची आवश्यकता असते. त्याचे ताट आपण आपल्या मनाने कमी करू नये. दोन्ही प्रसंगी त्याच्या वृक्करोगतज्ज्ञाशी बोलूनच निर्णय घ्यावा.

औषधालयचालक बंधू-भगिनींस आणखी एक विनंती. हे पदार्थ कायद्याने अन्नपूरक आहेत, औषधे नव्हेत आणि ते औषधी उपयोगासाठी नाहीत असे त्यांच्या वेष्टनावर लिहिलेले असते. ज्या ग्राहकाची भूक मेली आहे, त्यास डबा देण्याऐवजी वैद्याकडे पाठविल्यास त्या दिवसाची विक्री कमी होईल हे खरे. परंतु त्या ग्राहकाचा अग्नी प्रदीप्त झाल्यावर मुगाचे कढण, ताजे ताक आणि मऊ वरण-भात त्याच्या अंगी लागू लागेल, त्याचे वजन व बल वाढेल आणि पुढील प्रत्येक आजारात तो सल्ल्यासाठी त्याच दुकानाची पायरी चढेल. इत्यलम्।